पडदा चढायचा वेळ

कोंडीरामानं आयुष्यभर दुकानांची शटरं बसवली. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, इकडं तेरपर्यंत. बेंबळीहून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघायचं, सोबत हत्यारांची पिशवी आणि भाकरीचं फडकं. शटर म्हणजे सगळं अंगमेहनतीचं काम. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत ओवायच्या, दोघांनी खांद्यावर घेऊन वर चढवायच्या, पाइपात स्प्रिंग भरायची आणि मग ती पिळायची. पिळताना हात सुटला तर मनगट जातं. त्याचं एकदा गेलं होतं. अजूनही थंडीत धरतं.

स्प्रिंगचा पीळ बरोबर बसला की शटर कुठंही सोडा, तिथंच थांबतं. वर ढकलायला जेवढा जोर लागतो तेवढाच खाली ओढायला. काम संपलं की कोंडीराम दुकानदाराच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस बोलवायचा आणि त्याला एका हातानं शटर वर करायला लावायचा. मग खाली.

"सारखंच लागतंय का, मावशे?"

"लागतंय की."

एवढं ऐकलं की हत्यारं पिशवीत. वर-खाली सारखं, म्हणजे काम झालं. ही त्याची परीक्षा होती आणि त्यात तो कधी नापास झाला नव्हता.

साठी ओलांडली तसे गुडघे बोलायला लागले. धाराशिवचा मल्लिनाथ, ज्याच्या दुकानातून कोंडीरामाला कामं मिळायची, त्यानं तेव्हाच मोटरचे पडदे ठेवायला सुरुवात केली होती. खिडकीवर नळीला गुंडाळलेलं जाड कापड. आत बारीक मोटर. फोनवरून सांगितलं की पडदा उतरतो, फोनवरून सांगितलं की चढतो.

"मामा, लोखंड लई उचललं. आता कापड उचला," मल्लिनाथ म्हणाला.

घरी दगडाबाईला हसू आवरेना. "शटरवाला माणूस पडदे लावाय निघाला. उद्या कुणाच्या पाळण्याला झालर लावताल."

"काम हाय ते."

"कसलं काम? घाम तरी येतो का त्यात?"

घाम येत नव्हता, हे खरं. आणि कोंडीरामाला आतून तेच वाटत होतं. भिंतीला भोक पाडणं, ब्रॅकेट लेव्हलमध्ये मारणं, हे काम. पुढचं फोनवर बोट फिरवणं म्हणजे पोरखेळ.

राघवेंद्र गुरुजींचं घर तुळजापूरच्या कडेला, नळदुर्ग रस्त्याला. घर जरा खोलगटात. समोर कुंपणाची भिंत, तिच्यापलीकडं रस्ता चढत जातो आणि टेकाडाला वळण घेतो. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. बायको लीलाबाई गेल्या वर्षापासून अंथरुणाला. डावी बाजू गेली. बोलणं होतं, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. मुलगा शंतनू पुण्याला नोकरीला. त्यानंच हे पडदे सांगितले होते. बापाला दिसत नाही, आईला उठता येत नाही, तेव्हा पडदे आपले आपण चालावेत.

भाद्रपदात कोंडीराम तिथं गेला. पाच खिडक्या. लीलाबाईंच्या खोलीत खिडकीवर सिमेंटचा बीम निघाला. ड्रिलची दोन टोकं जळाली. दुसरा कुणी असता तर त्यानं स्क्रू तिरका मारून वेळ निभावली असती. कोंडीरामानं तिसरं टोक लावलं, हळूहळू भोक पाडलं आणि ब्रॅकेट असा बसवला की लेव्हलमधला बुडबुडा मधोमध. लीलाबाई पलंगावरून सगळं बघत होत्या.

"कोंडीरामभाऊ," त्या म्हणाल्या, "पूर्ण... बंद... नका करू."

"राती तरी करावा लागंल की, वैनी."

"रात्री पण नको."

गुरुजींनी कारण सांगितलं. कोजागिरीला देवीच्या दर्शनाला कर्नाटकातून माणसं चालत येतात. नळदुर्गावरून, ह्याच रस्त्यानं. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, आई राजा उदो उदो करत. लीलाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्यांना ओट्यावर पाणी आणि चहा देत आल्या. त्यातली इरम्मा नावाची बाई तर दरवर्षी थांबायची. तिला मराठी येत नव्हतं, ह्यांना कानडी येत नव्हतं, तरी दोघी तासभर बोलायच्या. गेल्या वर्षी लीलाबाई पहिल्यांदाच अंथरुणात होत्या. इरम्मानं रस्त्यावर उभं राहून खिडकीकडं हात वर केला. लीलाबाईंनी उजवा हात वर केला. "वर्षभर तेवढंच सांगते सगळ्यांना," गुरुजी म्हणाले. "रात्रीसुद्धा तिला तो रस्ता दिसायला पाहिजे असतो. दिवा असतो वळणावर."

शंतनू फोनवर होता. त्यानं ठरवून दिलं. आईच्या खोलीतला पडदा सकाळी अर्ध्यावर. दुपारी ऊन पलंगावर येतं, तेव्हा थोडा खाली. ऊन गेलं की परत अर्ध्यावर. पूर्ण बंद कधीच नाही. बाकीच्या चार खोल्यांचे पडदे रात्री पूर्ण बंद, सकाळी पूर्ण उघडे.

आता वेळ भरायचा होता. ह्या मोटरला डोळे नसतात. पडदा कुठं पोचलाय ते तिला दिसत नाही. पूर्ण उतरायला अमुक सेकंद लागतात असं आपण तिला सांगायचं. मग अर्धा म्हटलं की ती अर्धा वेळ चालते आणि थांबते. पूर्ण म्हटलं तर मात्र टोकाला टेकेपर्यंत चालते. फोनवर त्यासाठी दोन चौकोन होते. एक उतरायच्या वेळेचा, एक चढायच्या.

कोंडीरामानं प्रत्येक खिडकीशी उभं राहून पडदा उतरायचा वेळ मोजला. पहिल्या चौकोनात आकडा टाकला. दुसऱ्या चौकोनात तोच आकडा परत टाकला. पाचही खिडक्यांना.

वर-खाली सारखंच असायचं. चाळीस वर्षं त्याच्या हातांना तेच ठाऊक होतं.

पण शटरात स्प्रिंग असते, ती भार घेते. पडद्यात स्प्रिंग नव्हती. कापड आणि खालची सळई उतरताना आपल्या वजनानं उतरते. चढताना सगळं त्या बारक्या मोटरला ओढावं लागतं. तीन-चार सेकंद जास्त लागतात. नुसतं बघितलं असतं तर कळलं असतं. पडदा पाचही वेळा त्याच्यासमोर वर गेला होता. तेव्हा तो पाठ करून ड्रिल मशीन पुसत होता.

गुरुजींनी नवरात्रात फोन केला. कोंडीराम बाजेवर बसून शेंगा फोडत होता.

"कोंडीराम, हिच्या खोलीतला पडदा रोज जरा जरा खाली येतोय का हो? का मलाच तसं दिसतंय?"

"फोनमदी काय दाखवतंय?"

"अर्धा दाखवतंय."

"मग अर्धाच हाय, गुरुजी. नवं कापड हाय, जरा सैल पडतंय. म्या मोजून बसवलंय."

"मोजूनच बसवलंय ना?"

"अवो, मोजून."

"मग ठीक. माझे डोळेच तसले," गुरुजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर दगडाबाईनं विचारलं, "जायचं व्हतं का?"

"न्हाय. काय न्हाय ते."

जायला एक दिवस मोडला असता. त्या दिवशी त्याला दुसरं काहीही काम नव्हतं.

कोजागिरी झाली. यात्रा पांगली आणि चार दिवसांनी एका दुकानाचं अडकलेलं शटर बघायला कोंडीराम तुळजापूरला आला. काम लवकर आटोपलं. गुरुजींकडं चहा घेऊ म्हणून तो नळदुर्ग रस्त्यानं निघाला. वळण उतरून खाली आला आणि रस्त्यावरूनच त्याला ती खिडकी दिसली.

पडदा जवळजवळ खालीच होता. उन्हं अजून तिकडं फिरलीही नव्हती. खाली वीतभर फट होती.

तो तिथंच उभा राहिला. त्याला काय झालंय ते लगेच कळलं. रोज थोडा खाली, रोज परत वर. खाली जाताना पुरता जातो. वर येताना तेवढाच वेळ चालतो, पण तेवढा चढत नाही. रोज थोडा कमी पडतो. बाकीच्या खोल्यांत पडदा रात्री तळाला टेकतो, मोटर आपोआप थांबते आणि सकाळी हिशेब नव्यानं सुरू होतो, म्हणून तिथं कुणाला कळलं नाही. लीलाबाईंचा पडदा तळाला टेकतच नव्हता. त्यांनीच सांगितलं होतं, पूर्ण बंद नको.

"या, या, कोंडीराम," गुरुजींनी दार उघडलं. "चहा टाकतो."

"आदी खोली बघू द्या."

लीलाबाई दोन उशांवर टेकून होत्या. कोंडीराम त्यांच्या उशाशी वाकला आणि त्यांची नजर जिथून जाते तिथून त्यानं बघितलं. फटीतून कुंपणाची भिंत दिसत होती. भिंतीवरचं शेवाळ, एक तुटकी वीट. रस्ता नाही, वळण नाही.

"वैनी, रस्ता दिसतो का?"

लीलाबाईंनी मान हलवली. नाही.

"कवापासून?"

"दसऱ्या... आधीपासून."

"मग कोजागिरीला..."

उत्तर गुरुजींनी दिलं. "कोजागिरीच्या दिवशी मी औषधाला गावात गेलो होतो. गर्दीत अडकलो. आलो तर फाटकाला ही पुडी बांधलेली." त्यांनी कोनाड्याकडं बोट केलं. जुन्या इरकलीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी. "शेंगा आणि गूळ. इरम्माचंच. दरवर्षी हेच आणते. पडदा पडलेला बघून तिला वाटलं असेल, झोपल्यात. म्हणून हाक मारली नसेल."

"आवाज..." लीलाबाई म्हणाल्या, "आला होता. उदो... उदो. दिवसभर."

कोंडीरामानं टोपी काढून हातात घेतली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"गुरुजी, फोन आना तुमचा."

त्यानं पडदा पूर्ण खाली नेला. तळाला टेकला, मोटर थांबली. मग पूर्ण वर न्यायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. त्यानं भरलेला वेळ संपला तेव्हा पडदा अजून चढतच होता. तो चढत राहिला आणि कोंडीराम घड्याळाकडं बघत राहिला. शेवटी नळीशी येऊन टक् करून थांबला. खोलीत उजेड आला. लीलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्याला हे गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. गुरुजींना दिसत नव्हतं. कापड ताणून दिलं, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. तो पलंगाजवळ गेला.

"वैनी, ही माजी चूक हाय. उतरायचा वेळ मोजला, चढायचा मोजलाच न्हाय. तसाच ठोकून दिला. आनि गुरुजींनी फोन केला तवा बी बघाय आलो न्हाय. तुमची कोजागिरी म्या घालवली."

हे बोलून झाल्यावर जरा हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. लीलाबाई त्याच्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. त्या काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "शंतनू... नव्हता करत?"

"काय?"

"खाली. शंतनू... घेत नव्हता?"

कोंडीरामाला कळेना. त्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी खाली बघत होते.

"तिनं त्याला म्हटलं होतं, दुपारचं ऊन डोळ्यावर येतं," ते हळू म्हणाले. "तिला वाटत होतं, तोच तिकडून फोनवरून घेतोय खाली. रोज थोडा जास्त."

"घर्रर्र... आवाज झाला की," लीलाबाई म्हणाल्या, "मी म्हणायची... आला. आठवण... आली त्याला." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणून... बोलले नाही. रस्ता... नाही दिसला... तरी."

"त्यो घड्याळानं चालतो, वैनी," कोंडीराम म्हणाला, आणि म्हणताच त्याला जीभ चावावीशी वाटली.

"असं होय," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

पंधरा दिवस त्यांच्याकडून रस्ता गेला होता. त्या बदल्यात त्यांनी स्वतःसाठी एक गोष्ट धरून ठेवली होती. तीही त्यानंच आता काढून घेतली होती, स्वतःचा जीव हलका करायला.

त्यानं काम केलं. खुर्चीवर चढून नळी पुसली. उतरायचा वेळ पुन्हा मोजला, चढायचा मोजला, दोन्ही परत एकदा मोजले. चौकोनांत दोन वेगळे आकडे भरले. रोज पहाटे, लीलाबाई जाग्या व्हायच्या आत, पडदा एकदा वर टेकून यावा म्हणजे हिशेब चुकणार नाही, असंही बसवलं. बाकीच्या चार खिडक्याही केल्या. नंतर तो अंगणात गेला आणि शंतनूला फोन लावला.

"साहेब, कोंडीराम बोलतोय. शटरवाला."

"हां, बोला काका."

सगळं सांगितलं. शंतनूनं ऐकून घेतलं. तो रागावला नाही. "होतं असं. आता टायमिंग बरोबर केलंत ना?"

"केलं. पर एक करा. दुपारचं घड्याळावरून काढून टाका. दुपारी पडदा तुमी वढा. तिकडून, तुमच्या बोटानं."

"मग ह्या सगळ्याचा उपयोग काय, काका?"

"वैनीला वाटत व्हतं, तुमीच वढता रोज."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब?"

"दुपारी मीटिंग असते हो," शंतनू म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"पडदा वढाय किती वेळ लागतो ते आत्ताच मोजलंय म्या," कोंडीराम म्हणाला, आणि लगेच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे सांगणारा तो कोण? तेवढाच वेळ त्यानं स्वतः दिला नव्हता. "चुकलं बोलायला," तो म्हणाला. "तुमचं तुमी बघा." आणि फोन ठेवला.

तो लगेच निघाला नाही. गुरुजींनी चहा केला. दोघं लीलाबाईंच्या खोलीतच बसले. पडदा अर्ध्यावर होता. वळण दिसत होतं, दिव्याचा खांब दिसत होता, रस्ता मोकळा होता. एक ट्रॅक्टर गेला. लीलाबाईंनी तोंड इकडं केलं होतं, पण त्या बघत होत्या की नुसतेच डोळे तिकडं होते, ते सांगता येत नव्हतं.

ऊन फिरलं. आधी पलंगाच्या पायावर आलं, मग चादरीवर, मग हातावर. पडद्याची वेळ होऊन गेली. शंतनूनं घड्याळावरून काढलेलं दिसत होतं. पुढं मात्र काहीच नव्हतं. ऊन लीलाबाईंच्या हनुवटीला लागलं. गुरुजी टॉवेल घेऊन उठले.

"थांबा गुरुजी, जरा."

"अहो, डोळ्यांवर येतंय तिच्या."

"जरा थांबा."

गुरुजी टॉवेल धरून उभे राहिले. ऊन गालावर आलं. कोंडीरामाला आता स्वतःचाच राग यायला लागला. सकाळपासून ह्या बाईला आपण काय काय दिलं? तो उठून त्यांच्या तोंडावर स्वतःची सावली धरणार, तेवढ्यात मोटर घरघरली.

पडदा उतरायला लागला. नेहमीच्या जागी थांबला नाही. पुढं गेला, भिंतीच्याही खाली गेला. थांबला. मग अडखळत थोडा वर आला, परत थांबला, परत जरासा खाली. मोटर एकटी असती तर असं चालली नसती.

लीलाबाईंनी कोंडीरामाकडं बघितलं. "परत... चुकलं?"

"न्हाय वैनी. ह्यो शंतनूनं वढलाय. त्याच्या हातानं."

त्या त्याच्याकडं बघतच राहिल्या. विश्वास ठेवावा की नाही ते त्या पाहत होत्या. नवरात्रात त्यानं गुरुजींना असंच ठामपणे सांगितलं होतं, मोजून बसवलंय म्हणून. आज तो खरं सांगत होता आणि ते खरं आहे हे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. गुरुजींचा फोन वाजेल असं त्याला वाटलं. वाजला नाही.

निघताना गुरुजींनी कोनाड्यातली पुडी सोडली, मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा कागदात बांधून त्याच्यापुढं केला. "घ्या. लांब जायचंय तुम्हाला."

"ह्ये नगो, गुरुजी."

"प्रसाद आहे. नको म्हणू नये."

त्यानं घेतला. खिशात ठेवला.

"इरम्माचं गाव कोणतं?"

"अफझलपूरकडं कुठंतरी. नाव कधी विचारलं नाही. येते आणि जाते."

"वय?"

"हिच्यापेक्षा मोठीच असेल. गेल्या वर्षी काठी घेतली होती."

कोंडीराम रस्त्यावर आला. वळणापर्यंत चढला आणि मागं वळून बघितलं. इरम्मा उभी राहिली असेल ती जागा हीच. इथून खिडकी सरळ दिसत होती. ऊन उतरलं होतं आणि पडदा पुन्हा वर गेलेला होता, खालची अर्धी काच मोकळी. आत उशी दिसत होती, उशीवर पांढरे केस. चेहरा इकडंच होता.

हात वर करावा असं त्याला वाटलं. हात खिशातल्या पुडीवर होता. तो त्यानं तिथंच राहू दिला आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.